सुटकेचा ठोका

अहवाल आला तेव्हा विलास खराडे आपल्या रोपवाटिकेत कलमांना पाणी घालत होता. त्याची बायको वैजयंती साताऱ्यातल्या एका कन्याशाळेत भूगोल शिकवायची आणि दोन वर्षांपासून तिचं हृदय मधूनच ताल सोडत होतं. दर तीन महिन्यांनी तिच्या हृदयाचा अहवाल तयार होई. त्यात काही नाजूक मजकूर असला तर रुग्ण घाबरू नये म्हणून तो आधी घरातल्या जबाबदार माणसाकडे जाई. विलासने ओले हात पँटला पुसले आणि मोबाइल उघडला.

'एकूण झटके तेवीस. पैकी एकोणीस झटके कन्या केतकी यांच्याशी फोनवर संपर्क झाल्यापासून सहा मिनिटांच्या आत. संभाव्य कारण : केतकी खराडे. शिफारस : संपर्क मर्यादित ठेवावा.'

त्याने ते तीनदा वाचलं. पाइप हातातून सुटून एकाच वाफ्यात वाहत राहिला.

वैजयंतीच्या डाव्या छातीवर, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठं एक यंत्र बसवलेलं होतं. ते प्रत्येक ठोका टिपत असे. तिला झटका आला की हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायचे सोडून मिनिटाला तीनशे-चारशे वेळा नुसते थरथरत. मग खालचे कप्पे कधी लवकर, कधी उशिरा, कसेही ठोके देत. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होण्याची भीती होती, आणि ती गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघाताची. म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू होत्या. यंत्राच्या जोडीला 'कारणशोध' नावाची प्रणाली होती. माणूस काय खातो, किती झोपतो, कुठे जातो, कुणाशी बोलतो, हे सगळं मोबाइल आणि मनगटी पट्ट्यातून घेऊन ती झटक्यांशी ताडून बघायची. एखाद्याला चहा बंद करायला सांगायची, एखाद्याला डाव्या कुशीवर झोपू नका म्हणायची. वैजयंतीच्या बाबतीत तिने मुलीचं नाव सांगितलं होतं.

विलासने त्याच दिवशी दुपारी गाडी काढली आणि तो पठारावर गेला.

केतकी तिथे पवनचक्क्यांवर काम करायची. दीडशे मीटर उंच खांबावरून दोराने खाली लोंबकळत पात्यांना गेलेल्या चिरा भरायच्या, हे तिचं काम. दोर सोडून जमिनीवर आली की ती आईला फोन करी. चार वर्षांत तिने हे एकदाही चुकवलं नव्हतं. विलासने तिला गाडीत बसवलं आणि मोबाइल तिच्या हातात दिला.

तिने वाचलं.

"आईला माहितीये?"

"नाही. सांगूही नकोस. ती हे मानणार नाही, आणि मनाला लावून घेईल ते वेगळंच."

"कारण म्हणून माझं नाव आलंय, पप्पा."

"यंत्र आहे ते. त्याला काय कळतं कुणाचं नाव कसं लिहावं ते. पण एकोणीस वेळा, केतू. तेविसातनं एकोणीस."

केतकीने मोबाइल परत दिला. पुढच्या महिन्यात तिने कच्छमधल्या प्रकल्पावर बदली मागून घेतली. रोजचा फोन आठवड्यावर आला, मग आठवड्याचा फोन दोन ओळींच्या निरोपावर. 'कामात आहे आई, बरी आहे.'

वैजयंतीला वाटलं, मुलगी रागावली. दसऱ्याला दोघींचं वाजलं होतं. "लग्नाचं राहू दे, निदान जमिनीवरचं काम बघ," असं ती बोलून गेली होती आणि केतकी ताटावरून उठली होती. आता ते शब्द मागे घ्यायला फोनवर पोरगी सापडत नव्हती. वैजयंती रोज सकाळी शाळेत जाण्याआधी कच्छच्या वाऱ्याचे आकडे बघायची. दोरावरच्या माणसांना सेकंदाला बारा मीटरच्या वर वारा गेला की काम थांबवावं लागतं, हे तिला पाठ होतं. पोरगी वर आहे का, उतरली का, हे मात्र आता कळायचं नाही. जेवताना तिचा घास हातात राहायचा. विलास विचारायचा, "काय झालं?" ती म्हणायची, "काही नाही."

पुढच्या तिमाहीत सात झटके आले. त्याच्या पुढच्या तिमाहीत एकही नाही. विलासने तो शून्याचा अहवाल एकट्याने बघितला आणि समाधानाने मान हलवली. आपण केलं ते बरोबर होतं.

नवव्या महिन्यात शाळेचा दुसरा मजला चढताना वैजयंतीला दम लागला. आठवीच्या मुली मागून आल्या आणि बाईंना जिन्यावर बसलेलं बघून थांबल्या. "पुढे व्हा, मी येते," ती म्हणाली, पण त्या तासाला ती वर जाऊ शकली नाही.

पुण्याच्या रुग्णालयात डॉ. नझीर बागवान तिचं हृदय बघत. बोलायला सावकाश, पण पडद्यावरची नजर न काढणारा हा माणूस होता. त्यांनी तिला स्कॅनच्या बोगद्यात पाऊण तास ठेवलं. त्या प्रतिमांवरून संगणकाने तिच्या हृदयाची प्रतिकृती उभी केली. भिंतीची जाडी, पेशींच्या धाग्यांची दिशा, कुठे व्रण आहे, वीज कुठून कशी वाहते, सगळं तिच्याच हृदयासारखं. अशा प्रतिकृतीवर शस्त्रक्रिया आधी करून बघता येत असे, औषधं देऊन बघता येत असत, पाच वर्षं पुढे ढकलूनही बघता येत असे.

"झटके शून्य आहेत," डॉक्टर म्हणाले, "आणि हृदय मात्र गेल्या वर्षीपेक्षा वाईट आहे. डावा वरचा कप्पा बारा टक्क्यांनी ताणला गेलाय. मागच्या भिंतीवर नवे व्रण आहेत. प्रतिकृती पुढे चालवली तर दीड वर्षात हे थरथरणं कायमचं होतंय. वैजयंतीताई, या आठ-नऊ महिन्यांत काय बदललं?"

"काहीच नाही," वैजयंती म्हणाली.

डॉक्टरांनी दुसरा आलेख लावला. "तुमची नाडी दिवसभर पंच्याण्णवच्या आसपास आहे. रक्तदाबही चढलेला. माणूस झोपला की नाडी खाली येते, तुमची झोपेतही येत नाही. ही तारीख बघा. इथून सुरू झालं."

विलास खुर्चीत पुढे सरकला, मग मागे गेला. ती तारीख त्याच्या ओळखीची होती.

"मला काही सांगायचंय," तो म्हणाला.

त्याने मोबाइल काढला. वैजयंतीने तो जुना अहवाल तिथेच, डॉक्टरांसमोर वाचला. तिचा चेहरा हळूहळू कोरा होत गेला.

"तुम्ही तिला हे दाखवलंत?"

"तुझ्यासाठीच केलं, वैजू. झटके थांबले की नाही?"

"नऊ महिने मी समजत होते की माझी पोरगी माझ्यावर रागावलीये."

डॉ. बागवान अहवाल वाचत होते. त्यांनी संगणकावर काहीतरी शोधायला सुरुवात केली आणि दहा मिनिटं ते त्यातच गुंतले. मग त्यांनी विचारलं, "ताई, मुलीचा फोन आला की तिचं पहिलं वाक्य काय असायचं?"

"'उतरले गं आई.' मग पुढचं बोलणं."

"कारणशोध मिनिटं बघतो. मी आता सेकंद बघितले," डॉक्टर म्हणाले. "फोन यायच्या आधी तासभर तुमची नाडी एकशे दहा, एकशे पंधरा. फोन उचलल्यावर पुढच्या चाळीस सेकंदांत ती थेट साठावर येते. आणि झटका सुरू होतो तो या घसरणीत. एकोणीसच्या एकोणीस वेळा."

त्यांनी कागद ओढून हृदय काढलं. "हृदयाला दोन नसा चालवतात, असं समजा. एक टाच मारते, दुसरी लगाम ओढते. काळजी असते तेव्हा टाच चालू असते. काळजी एकदम सुटली की लगाम एकदम खेचला जातो. त्याच्या मज्जातंतूंचे गुच्छ हृदयाच्या मागच्या बाजूला, चरबीत असतात. तुमच्यात तिथे जवळपास कुठेतरी काही पेशी बिघडलेल्या आहेत. लगामाचा असा हिसका बसला की त्या स्वतःचेच ठोके द्यायला लागतात, आणि सगळा कप्पा थरथरतो. तुमच्या मुलीच्या आवाजाने तुम्हाला झटका येत नव्हता. ती सुखरूप आहे हे कळलं की यायचा."

"आणि ते कळेनासं झालं," वैजयंती म्हणाली.

"तेव्हा नुसती टाच उरली. नऊ महिने."

त्या संध्याकाळी वैजयंतीने केतकीला फोन केला. पहिल्या मिनिटात दोघींनाही धड बोलता आलं नाही. घरी परतताना आणि नंतरचे बरेच दिवस विलासशी ती कामापुरतंच बोलली. तोही समोर ताट ठेवायचा, औषधं काढून द्यायचा आणि रोपवाटिकेत निघून जायचा.

उपाय होता. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी, कॅथेटर, वर हृदयात न्यायची. दोन कप्प्यांमधल्या पडद्यातून डावीकडे जायचं. नळीच्या टोकावरच्या छोट्या सोनोग्राफीने आतून बघत बिघडलेली जागा गाठायची आणि विजेचे अतिसूक्ष्म स्पंद सोडायचे. ते पेशींच्या आवरणाला भोकं पाडतात. हृदयाच्या पेशी त्याने मरतात, शेजारची अन्ननलिका आणि इतर नसा बहुतेक वाचतात. अडचण होती जागेची. प्रतिकृतीने दोन जागा दाखवल्या होत्या. एक डाव्या कप्प्याच्या मागच्या भिंतीवर. दुसरी उजव्या कप्प्यात, जिथून हृदयाचा मूळ ठोका सुरू होतो त्या पेशींच्या अगदी कडेला.

"दुसरी जागा मारताना थोडं चुकलं तर कायमचा पेसमेकर," डॉ. बागवान म्हणाले. "म्हणून झटक्याची पहिली ठिणगी पडताना मला डोळ्यांनी बघायचीये. औषध देऊन झटका आणता येतो. पण प्रतिकृतीवर औषध दिलं तर दोन्हीकडून ठिणग्या पडतायत. ती खरी कुठली, ते कळत नाही."

वैजयंतीने विचारलं, "मी जागी राहिले तर?"

"नळ्या आत असताना राहता येतं. हलकी गुंगी देऊ."

"आणि त्या वेळी केतकी वर असली तर? खरोखर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मी तुम्हाला खोटं सांगून घाबरवणार नाही आणि तिला चढ असंही म्हणणार नाही. तो निर्णय तिचा."

केतकी आधी नाहीच म्हणाली. "तू टेबलावर असताना मी खांबावर? मी तिथे बाहेर बसणार, पप्पांबरोबर."

"तू बाहेर बसलीस तर मला काळजी कसली वाटणार?" आई म्हणाली. "तू एरवीही चढतेसच. तुझं नेहमीचं काम नेहमीसारखं कर. उतरलीस की फोन कर. एवढंच मागतेय."

केतकी साताऱ्याच्या पठारावर परत आली. एका पात्याची दुरुस्ती राहिलेली होती आणि ती त्याच सकाळी ठरवली गेली. जोडीदारासह सव्वादहाला चढायचं, साडेअकराला जमिनीवर.

सव्वादहाला वैजयंती पाठीवर पडून छताकडे बघत होती. जांघेत बधिरपणा होता, छातीत काही जाणवत नव्हतं. डावीकडच्या पडद्यावर तिचं हृदय होतं, निळ्या-जांभळ्या रंगातलं, संथ उघडझाप करणारं. त्यात दोन नळ्या फुललेल्या पाकळ्यांसारख्या टेकल्या होत्या. परिचारिकेने तिच्या कानाशी सांगितलं, "ताई, केतकी चढायला लागल्या."

नाडी नव्वद. मग शंभर.

"वारा किती आहे?" वैजयंतीने विचारलं.

डॉ. बागवान थबकले. तिने आधीच बजावलं होतं की जे असेल ते खरं सांगायचं. "साडेआठ."

अकरा वाजता तो साडेनऊ होता. साडेअकरा वाजले, फोन आला नाही. अकरा चाळीस. बाहेरच्या बाकावर विलासने पठारावरच्या कार्यालयाला तीनदा फोन लावला. कुणी उचलला नाही. तो उठला, दारापर्यंत गेला, परत बसला. आत नाडी एकशे वीस झाली होती. पडद्यावरचं हृदय आता इतकं जलद हलत होतं की त्याच्या कडा पुसट दिसत होत्या. पण ताल बिघडलेला नव्हता.

"वारा?"

"अकरा."

"बारा मीटरच्या वर गेला की उतरायला सांगतात. पण दोर हेलकावतो, पात्यावर आपटायला होतं." ती हे डॉक्टरांना सांगत होती की स्वतःला, ते कळत नव्हतं.

"वैजयंतीताई, नळ्या डाव्या कप्प्यात फार वेळ ठेवणं बरं नाही. सव्वाबारापर्यंत मी थांबेन. मग औषध देऊन जमेल तसं बघू."

तिने मान हलवली. तिचे ओठ कोरडे पडले होते. परिचारिकेने ओला कापूस लावला. बारा वाजले. बारा पाच. डॉक्टरांनी सहायकाला इंजेक्शन भरून ठेवायची खूण केली. वैजयंतीने ती बघितली आणि डोळे मिटून घेतले. मिटल्यावर पांढरा खांब आणि त्याच्या बाजूला एक ठिपका एवढंच दिसायला लागलं, म्हणून तिने ते पुन्हा उघडले.

बारा वाजून नऊ मिनिटांनी खोलीतल्या स्पीकरमधून धाप लागलेला आवाज आला.

"उतरले गं आई."

वैजयंतीच्या तोंडून एक लांब श्वास बाहेर पडला. एकशे चोवीस. एकशे दोन. ऐंशी. "कुणी बोलू नका," डॉ. बागवान म्हणाले. अडुसष्ट. पडद्यावर एक लाल ठिपका पेटला आणि वणव्यासारखा चहूकडे पसरला. हृदयाचा डावा कप्पा थरथरायला लागला. वैजयंतीला छातीत तो ओळखीचा गोंधळ जाणवला.

डॉक्टरांनी चित्र मागे नेलं. अर्धा सेकंद, पाव सेकंद, त्याहून मागे. प्रतिकृतीने दाखवलेल्या दोन्ही जागा शांत होत्या. ठिणगी तिसरीकडेच पडली होती, डाव्या बाजूच्या फुफ्फुसशिरेखाली एका घडीत, जिथे कुणी बघितलंच नसतं.

"सापडली," ते म्हणाले. "ताई, आता झोपा."

दोन दिवसांनी केतकी आईच्या खाटेजवळ बसून मोसंबी सोलत होती. ताल सरळ होता. डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते की त्या जागेबरोबर लगामाच्या मज्जातंतूंचा एक गुच्छही गेला आहे. काही महिने नाडी जरा वरच राहील आणि मन शांत झालं तरी ती पटकन उतरणार नाही.

"उशीर का झाला?" वैजयंतीने विचारलं. "वाऱ्यामुळे?"

"जोडीदार साडेअकरालाच उतरला." केतकीने फोड सोलून बशीत ठेवली. "मी अडकले नव्हते, आई. काम संपलेलं होतं. मी नुसती लोंबकळत होते."

"का?"

"खाली आले की तुला फोन करावा लागणार. आणि फोन केला की तुझं हृदय बिघडणार. ते माहीत असताना हातानं दोर सोडवेना. ऑफिसातली सगळी खाली येऊन हाका मारत होती. अर्ध्या तासाच्या वर मी तिथेच." तिने साल बाजूला ठेवलं. "शेवटी वाऱ्याने एकदा पात्यावर आपटले. तेव्हा म्हटलं, इथे काही झालं तर ती टेबलावर वाट बघतच राहील."

तिने बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत निळं पडलेलं होतं. वैजयंतीने तो हात आपल्या हातात घेतला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. तिला रडू आलं, पण उशाशी असलेल्या पडद्यावर नाडी अठ्ठ्याऐंशी होती आणि अठ्ठ्याऐंशीच राहिली.

घरी जाण्याआधी वैजयंतीने एका अर्जावर सही केली. तिच्या यंत्राने यापुढे ठोके टिपावेत आणि ते डॉक्टरांना कळवावेत. ती कुणाशी बोलते, ते बघू नये. विलासने साक्षीदार म्हणून खाली सही केली. त्याआधी त्याने अर्ज पूर्ण वाचला.

केतकी पुढच्या महिन्यात पुन्हा कामावर गेली. पहिल्या दिवशी सुट्टीचा वार होता म्हणून वैजयंती घरीच होती. ती तांदूळ निवडत बसली. काळजी होती, नेहमीएवढीच, पण छाती एका चालीने चालली होती आणि त्याची तिला अजून सवय झाली नव्हती. समोर विलास चटईवर बसून वर्तमानपत्राचं एकच पान बराच वेळ धरून होता. त्या दिवशी तो रोपवाटिकेत गेला नव्हता.

"जाणार नाही का आज?" तिने विचारलं.

"जाईन. सावकाश."

त्याची नजर पानाऐवजी मोबाइलवर होती. तिने ते बघितलं. इतक्या वर्षांत त्याला कुणी यंत्र बसवलं नव्हतं, त्याचा अहवाल कुणी काढला नव्हता. तीही कधी त्याला काही विचारायला गेली नव्हती. ती उठली, त्याच्या शेजारी येऊन बसली आणि वर्तमानपत्र बाजूला करून तिने त्याचं मनगट धरलं. अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत ती मोजायला लागली.

"किती?" विलासने थोड्या वेळाने विचारलं.

"एकशे सहा."

तिने बोटं काढली नाहीत. मोबाइल दोघांच्या मध्ये, चटईवर ठेवलेला होता, आणि बाहेर अंगणात वारा सुटला होता.